इतिवृत्तातला ठेका

सुरुवातीलाच माफी मागतो. नोकरीतले अनुभव निवृत्त माणसाने लिहावेत, अशी रीत आहे. माझे केस अजून काळे आहेत आणि एम.ए.चा दुसरा भाग बाहेरून द्यायचा राहिलाय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे छापून येणारं काही लिहायचं म्हटलं की अजून हात अडखळतो. पण विक्रोळीच्या आमच्या मित्रमंडळाने दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि संपादक झाला समोरच्या खोलीतला दिनू.

तो म्हणाला, "डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, इन्स्पेक्टर तर दर वर्षी लिहितात. कुलगुरूच्या दारावर बसणाऱ्याने कधी लिहिलंय का? लिही ना यार."

"मी काय लिहिणार? मी टायपिंग करतो."

"मग टायपिंगचं लिही."

मी सरांना विचारलं. सर म्हणजे आमचे कुलगुरू. त्यांनी दोन अटी घातल्या. कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव घालायचं नाही, आणि त्यांचं कौतुक करायचं नाही. "केलंस तर लोक म्हणतील, पगारी माणसाने लिहिलंय." पहिली अट मी पाळतोय. दुसरी जमेल तशी.

सर मुळात तबलावादक. गवयांच्या साथीला बसण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग उपनगरातल्या एका कॉलेजने संगीत विभाग काढायला त्यांना बोलावलं. तिथे प्राध्यापकांचे दोन गट होते आणि एका गटाचा माणूस दुसऱ्याला चालत नसे. प्राचार्यांची जागा रिकामी झाली तेव्हा दोन्ही गटांना चालेल असं एकच नाव उरलं. कारण दोन्ही गटांना वाटत होतं, हा माणूस आपल्याच साथीला बसलाय. पुढे विद्यापीठातही असंच काहीसं झालं आणि सर कुलगुरू झाले. विद्वत्तेमुळे झाले की नाही ते मला सांगता येणार नाही. पण भांडणाऱ्यांच्या मधे न हलता बसणं ही त्यांची जुनी सवय होती, एवढं मी पाहिलंय.

मी त्यांना भेटलो तेव्हा ते प्राचार्य होते आणि मी त्यांच्याच कॉलेजात सकाळी शिकत होतो. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालो होतो, म्हणून दुपारी ऑफिसात टंकलेखक म्हणून ठेवून घेतलं. घरी सांगितलं तेव्हा बाबा विचारात पडले. बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली नाही आणि आता ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. चाळीतल्या भजनी मंडळात झांज वाजवतात. ते म्हणाले, "तबलो वाजवणारो माणूस प्रिन्शिपाल? मगे आधीचो प्रिन्शिपाल काय वाजवी होतो?"

माझ्या कामाबद्दल बाहेरच्या लोकांना वाटतं की फोन घ्यायचा, पत्र टाइप करायचं, झालं. तसं नाही. साहेबाच्या दारावर बसणाऱ्याचं खरं काम 'नाही' म्हणायचं असतं. आमच्या सरांना तर हा शब्द तोंडातून काढताच येत नसे. आलेल्या प्रत्येकाला ते मान डोलवून दाद द्यायचे. तो माणूस काम झालं असं समजून बाहेर यायचा आणि मग काम झालेलं नाही हे मी त्याला समजावायचो. त्यामुळे सर सगळ्यांचे लाडके आणि मी कुणाचाच नाही.

शिवाय त्यांच्या सवयी. समारंभात अध्यक्षाची खुर्ची मधोमध असते. सर ती हळूच मागे सरकवायचे आणि बोलणाऱ्याकडे अर्धवट वळवून बसायचे. गवई आणि तबला जसे बसतात तसे. कॉलेजच्या फोटोग्राफरने माझ्याकडे तक्रार केली होती, "घाडी, दर वेळी प्रिन्सिपलचा नुसता कान येतो रे फोटोत." आणि बोटं. मीटिंग चालू झाली की टेबलाच्या काचेवर त्यांची बोटं हलकेच चालू व्हायची. कुणी लांबण लावली की सर म्हणायचे, "आता समेवर या." नव्या लोकांना वाटायचं, ही कुठली तरी जागा आहे.

मलाही काही कळत नव्हतं आणि त्यातूनच तो ठेक्याचा घोटाळा झाला.

कॉलेजात वेळापत्रकावरून सभा होती. कुणाला सकाळचे तास नकोत, कुणाला दुपारचे. एकाच वेळी चार-पाच प्राध्यापक बोलत होते. मी कोपऱ्यात इतिवृत्त, म्हणजे सभेत काय काय ठरलं ते, लिहून घेत होतो. शेवटी सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही हवं तितकं लांब फिरून या. ठेका माझ्याकडे आहे आणि तो मी सोडणार नाही."

मी ते जसंच्या तसं टाइप केलं. 'ठेका प्राचार्यांकडेच असून ते तो सोडणार नाहीत.' आमच्या चाळीत ठेका म्हणजे कंत्राट. माझा मामा रंगकामाचे ठेके घेतो. दुसरा ठेका जगात असतो हे मला ठाऊकच नव्हतं. आणि नेमक्या त्याच महिन्यात संस्थेने कँटीनसाठी कंत्राटदारांकडून निविदा मागवल्या होत्या.

इतिवृत्ताची प्रत संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष घाटकोपरचे व्यापारी, शेठच म्हणायचे त्यांना सगळे. ते दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन हजर.

"प्रिन्सिपलसाहेब, हे काय ऐकतो मी? कँटीनचा ठेका तुम्ही घेतला? आणि वर सोडणार नाय म्हणता?"

सरांनी इतिवृत्त मागवलं. वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी दाराशी उभा होतो, माझी वाट लागली असं धरून. शेठ बिचारे सरांकडे बघायचे, मग माझ्याकडे.

नंतर सरांनी मला बसवून घेतलं आणि टेबलावर वाजवून दाखवलं. "हे बघ. गवई गाता गाता लांब जातो, तान घेतो, भटकतो. पण त्याला ठरलेल्या मात्रेवर परत यायचं असतं. ती सम. तो परत येईल तेव्हा घर जागेवर नको का? तबलेवाला ते घर सांभाळत बसतो. तेच तेच बोल, त्याच चालीत, न घाई करता. त्याला ठेका म्हणतात."

"म्हणजे कंत्राट नाही."

"तसं कंत्राटच रे. फक्त त्यात सुटत काही नाही."

एवढं होऊनही त्यांनी मला काढलं नाही. पुढे कुलगुरू झाल्यावर मागून घेतलं. का, ते कधी सांगितलं नाही. विद्यापीठात ते माझी ओळख करून द्यायचे ती अशी, "हा घाडी. याने मला एकदा कंत्राटदार केलं होतं."

विद्यापीठात माणसं जास्त आणि भांडणंही मोठी. एकदा निकाल लांबले म्हणून विद्यार्थ्यांचा मोर्चा आला. 'निकाल लावा, नाहीतर खुर्ची सोडा!' शिपायांनी खालचं दार लावून घेतलं. कुलसचिव, म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणारे सगळ्यात वरचे अधिकारी, पोलिसांना फोन करा म्हणत होते. सर एकटेच पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. थोडा वेळ मान डोलवत ऐकलं. मग हात वर केला.

"घोषणा चांगली आहे. पण तुम्ही 'नाहीतर'वर जोर देताय, त्यामुळे 'खुर्ची' घाईत जाते. वजन 'खुर्ची'वर पाहिजे. पुन्हा म्हणा बघू."

पुढच्या रांगेतल्या चार जणांनी खरंच म्हणून पाहिलं. सर हाताने टाळी देत होते. मोर्च्याचा पुढारी कानापर्यंत लाल झाला. "सर, आम्ही सीरियस आहोत!"

"मग तर जमलंच पाहिजे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि संपलं सगळं. पाच जण वर आले, चहा प्याले, बोलणी झाली. निकाल त्यामुळे फार लवकर लागले असं नाही. पण त्या दिवशी काच फुटली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

सर कुलगुरू झाल्यावर काही दिवसांनी मी एक फोन घेतला. बाईंचा आवाज होता, वयस्कर पण खणखणीत.

"विनू आहे का?"

"इथे विनू कुणी नाही. हे कुलगुरूंचं कार्यालय आहे."

"तेच पाहिजे. काय करतोय?"

"कुलगुरू मीटिंगमध्ये आहेत. आपलं काय काम होतं?"

"तबल्याचं."

"संगीत विभागाच्या कामासाठी आपण कुलसचिवांना भेटा."

"अरे बाळा," बाई म्हणाल्या, "तुझ्या कुलगुरूला सांग, मुलुंडहून ताईचा फोन होता. त्याला तुझ्या आधीपासून ओळखते मी."

या अनसूयाताई. मुलुंडला राहायच्या, गाणं शिकवायच्या. दर वर्षी आपल्या गुरूंच्या पुण्यतिथीला एका शाळेच्या हॉलमध्ये गायच्या आणि साथीला सरच असायचे, सर तरुण होते तेव्हापासून. ताईंनी इतक्या वर्षांत सरांच्या वाजवण्याला कधी 'वा' म्हटलं नव्हतं, हे सर अभिमानाने सांगायचे. "पण दर वर्षी बोलावतात. ते समजून घ्यायचं."

कुलगुरू झाल्यावर मात्र लागोपाठ दोन वर्षं नेमकी त्याच दिवशी बैठक निघाली. दोन्ही वेळा 'सर येऊ शकत नाहीत' हा निरोप मीच दिला. तिसऱ्या वर्षी ताईंनी निरोप घेतला नाही. सरांनाच फोनवर बोलावलं. मी सह्यांसाठी पत्रं घेऊन समोर उभा होतो आणि ताईंचा आवाज रिसीव्हरबाहेर येत होता.

"मीटिंगचं कारण मला सांगू नकोस. हात गेला असेल तर तसं सांग, मी दुसरा बघते."

"येतो ताई," सर म्हणाले.

फोन ठेवला आणि त्यांनी दोन्ही हात काचेवर पालथे ठेवून बोटांकडे पाहिलं. दोन वर्षं त्या बोटांनी सह्यांपलीकडे फारसं काही केलं नव्हतं. रोज घरी पोचायचे तेच थकून.

"घाडी, हात गेला असेल का रे?"

"सर, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर तुला विचारलं."

दुसऱ्या दिवसापासून तबला-डग्गा ऑफिसात आला. कपाटाच्या मागे, चादरीखाली. जेवणाच्या सुट्टीत सर खुर्ची बाजूला करून सतरंजीवर बसायचे आणि मी बाहेर दारावर. तबला सुरात आणण्यासाठी सर हातोडीने ठोकायचे, त्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा. भेटायला आलेले विचारायचे, "आत काय चाललंय हो?" मी सांगायचो, "सुतार आलाय."

आठवडाभर सुतार निभावला. मग कुलसचिवांनी मला बोलावलं. "कुलगुरूंच्या दालनात सुतारकाम कुणाच्या मंजुरीने चाललंय? माझ्याकडे फाइल नाही."

ते तडक सरांच्या दारावर गेले आणि दार उघडलं. आत कुलगुरू मांडी घालून जमिनीवर, हाताला पावडर.

"या," सर म्हणाले, "सुतार मीच."

कुलसचिव मनाने वाईट नव्हते. विद्यापीठाची इज्जत आपल्याच खिशात आहे आणि तो खिसा फाटका आहे, अशा काळजीत ते कायम असायचे. मुलुंडचं सगळं ऐकून ते म्हणाले, "सर, आपण अध्यक्ष म्हणून जा. शाल-श्रीफळ घ्या. पण साथीला? पत्रिकेत तळाला नाव? लोक तबलजी म्हणतील."

"बरीच वर्षं म्हणतायत."

"तेव्हा आपण कुलगुरू नव्हता."

सर सरळ माणूस. त्यांनी अध्यक्षपदाची सूचना खरंच ताईंच्या कानावर घातली. उत्तर आलं, "अध्यक्ष पैशाला पासरी मिळतात. मला ठेका धरणारा पाहिजे."

पुण्यतिथीच्या रविवारी सकाळी मुलुंडचा हॉल भरला होता. कुलसचिव आले होते. येणं प्रोटोकॉलमध्ये बसत नव्हतं, पण कुलगुरू जिथे जातील तिथे न येणंही बसत नव्हतं. विद्यापीठातली पाच-सहा मंडळी घेऊन ते पुढच्या सोफ्यावर बसले. मी मागे, बाबांबरोबर. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले होते. ताई मधे, एका बाजूला पेटीवर त्यांचे नेहमीचे साथीदार बापू, दुसऱ्या बाजूला ताईंकडे अर्धे वळलेले सर. फोटो काढला असता तर पुन्हा कानच आला असता. पण त्या जागी तो बरोबर दिसत होता.

ताईंनी फार संथ ख्याल धरला. इतका संथ की दोन बोलांमध्ये मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. सरांनी त्यात काहीच केलं नाही. टाळी घेणारा एक तुकडा नाही, काही नाही. फक्त तोच ठेका, पुन्हा पुन्हा. सोफ्यावरची मंडळी चुळबुळू लागली. मध्यंतरात कुलसचिव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एवढंच असतं का हो?" मला काय माहीत.

बाबा म्हणाले, "हात बरो आसा. पण माका इचारून काय उपेग, मी झांजवालो."

कार्यक्रम संपला. सर ताईंच्या पाया पडले. ताई गरम पाणी पीत होत्या. म्हणाल्या, "विनू, चहा घेऊन जा." बस्स.

बाबा लोकलने परतले आणि मी सरांच्या गाडीत बसलो. विक्रोळी आली तेव्हा सर म्हणाले, "ताई काही बोलल्या का तुला?"

"नाही सर."

"दोनदा सम जुळली नाही रे. त्या कुठे, मी कुठे. माझंच चुकलं असणार. हिशेब सुटला मधे." बाहेर बघत म्हणाले, "हात गेला म्हणायचा."

मी बाबांचं मत सांगितलं. "वडिलांना नमस्कार सांग," सर म्हणाले. पण त्यांना ते दुसऱ्याच माणसाकडून हवं होतं, हे मलाही कळत होतं.

त्यानंतर काही दिवस सर सहज विचारल्यासारखं विचारायचे, "मुलुंडहून काही फोन?" मी म्हणायचो, "मुलुंडच्या कॉलेजचा होता, परीक्षा केंद्राबद्दल." मग विचारणंही थांबलं. तबला कपाटामागे चादरीखालीच राहिला. जेवणाच्या सुट्टीत सर लोकांना भेटू लागले. काम भराभर होऊ लागलं, कुलसचिव खूश. मीटिंगमध्ये सरांची बोटं काचेवर स्वस्थ पडलेली असायची आणि कुणी कितीही लांबण लावली तरी 'समेवर या' म्हणत नसत. मला तो सुतार आठवायचा. नोकरीत इतक्या थापा मारल्या, पण तेवढी एक पुन्हा मारायला मिळावी असं वाटायचं.

असं बरेच महिने चाललं. पुढची पुण्यतिथी जवळ आली, तरी ताईंचा फोन नाही.

मग एका दुपारी विद्यापीठाच्या कार्यकारिणीची बैठक ऐन रंगात असताना बापू पेटीवाले माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घामाघूम.

"विनायकरावांना भेटायचंय."

"मीटिंग आहे, बापू. उद्या या."

"उद्या मला वेळ नाही. तू तरी ऐकून ठेव." ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. "काल ताईंकडे यंदाच्या कार्यक्रमाचं बोलणं चाललं होतं. एका शिष्येने नवा पोरगा सुचवला. म्हणाली, फार तयार हात आहे, टाळ्या घेतो. तर ताई भडकल्या. म्हणाल्या, टाळ्या घेणारे गल्लोगल्ली आहेत. मागल्या खेपेला मी दोनदा चुकले. वय झालं, मात्रा विसरले. समोरच्या एकालाही कळलं नाही. विनूने ठेका सोडला नाही, म्हणून घरी आले मी. नाव त्याचंच घाला."

"मग हे त्यांनी सरांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

बापू स्टुलावरून उठलेच. "अरे, स्वतः चुकले हे त्यांनी फोन करून सांगायचं? ताईंनी? मला सांगितलं हेच नशीब."

बैठक चालू असताना आत जायचं नाही, हा नियम मीच घालून दिलेला. मी उठलो आणि आत गेलो. आत दोन गट जोरात होते, कुलसचिव हात वर करून मधे उभे. मी सरांच्या खुर्चीमागे वाकून त्यांच्या कानात सगळं सांगितलं, बापूंच्या शब्दांत. घाईत 'ताई चुकल्या'च्या ऐवजी 'ताई हुकल्या' म्हणालो, पण पोचलं.

काचेवर सरांचं एक बोट हललं. मग दुसरं.

"घाडी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इतिवृत्तात घे."

दोन्ही गट सरांकडे वळले. कुलसचिवांनी पेन उघडलं. "काय घ्यायचं, सर?"

"ठेका सोडलेला नाही."

कुलसचिवांनी समोरचे कागद उलटेपालटे केले. "कुठला ठेका, सर? त्याची निविदा काढली होती का?"

त्या बैठकीच्या इतिवृत्तात मी ते वाक्य टाइप केलं होतं. कुलसचिवांनी लाल पेनने खोडलं. म्हणून इथे घातलं.